कोबीची कोवळी रोपे आणि ज्येष्ठांची नजर

नवरात्र सरते, पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि घरोघरच्या परसात, गच्चीवर, खिडकीतल्या कुंड्यांत कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी यांची लगबग सुरू होते. ही सारी एकाच कुळातील भाजी. कोबी-फ्लॉवरचे बी टाकल्यापासून साधारण चार आठवड्यांत रोप लावणीस येते. घरच्या बागेत या रोपांची देखभाल बहुधा कुटुंबातील ज्येष्ठांकडे असते. त्यांच्यापाशी वेळ असतो, जिव्हाळा असतो आणि सकाळच्या उन्हात थोडे बसणे त्यांनाही मानवते. मात्र कोवळ्या पानाला पहिले भोक दिसताच एक प्रश्न उभा राहतो : आता औषध फवारावे काय?

लावणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे रोप जाळीने आणि नजरेने राखले, तर घरगुती बागेत विषारी औषधाची बाटली आणण्याची वेळ सहसा येत नाही. ज्या घरात वृद्ध आणि लहान मुले आहेत, तेथे ती न येणेच श्रेयस्कर होय.

उपद्रव कोणाचा?

मोहरीच्या कुळाला जो झणझणीतपणा असतो, तो गंधकयुक्त द्रव्यांमुळे. वनस्पतीने हे द्रव्य स्वसंरक्षणासाठी घडविले आणि पुष्कळ कीटक त्यामुळे दूर राहतातही. परंतु काही कीटकांनी हे शस्त्र बोथट करण्याची विद्या साधली आहे. त्यांना तोच वास आमंत्रणासारखा वाटतो.

यांतील अग्रणी म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असलेला हा करडा पतंग सायंकाळी पानाच्या मागील बाजूस, शिरांच्या कडेने बारीक पिवळसर अंडी घालतो. त्याची हिरवी अळी पानाचा खालचा भाग खरवडते, वरचा पातळ पापुद्रा मात्र शाबूत ठेवते. त्यामुळे पानावर काचेच्या तावदानासारखे ठिपके दिसतात. अळीला स्पर्श करताच ती वळवळते आणि रेशमी धाग्याने खाली लोंबकळते. ही तिची अचूक खूण.

दुसरा उपद्रव माव्याचा. करड्या-हिरव्या किड्यांचे पुंजके कोवळ्या शेंड्यावर बसून रस शोषतात, पाने आकसतात आणि चिकट होतात. मुळा-मोहरीच्या रोपांवर सकाळ-संध्याकाळ काळसर अळ्या दिसतात. हात लागताच त्या अंग आवळून मेल्याचे सोंग घेत खाली पडतात. पानाखाली तपकिरी केसाळ आवरणाचा अंड्यांचा पुंजका आढळला, तर तो पाने खाणाऱ्या तंबाखूवरील अळीचा समजावा. एका पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात. सकाळी एखादे रोप जमिनीलगत कापलेले आढळले, तर दोषी बहुधा मातीत दडलेली अळी असते. ती रात्री बाहेर येते.

बाटली घरात का नको

औषधाचा मोह स्वाभाविक आहे. परंतु चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा इतिहास बोलका आहे. 1953 साली इंडोनेशियातील जावा बेटावर या किडीवर डीडीटी निष्प्रभ ठरू लागल्याची नोंद झाली. पिकावरील किडीने डीडीटी पचविल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. त्यानंतर आलेल्या अनेक औषधांचीही तीच गत झाली. कारण सरळ आहे : उष्ण हवेत या पतंगाची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते आणि फवारणीतून बचावलेल्या किडींची संतती अधिकाधिक चिवट निपजते. शिवाय फवाऱ्याने माव्यावर जगणारे लेडीबर्ड भुंगेरे आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आधी मरतात. म्हणजे शत्रू उरतो आणि मित्र जातो.

घरातील धोका याहून मोठा. अनेक कीटकनाशके कातडीतूनही शरीरात शिरतात. थरथरत्या हाताने औषध मोजणे, अंधूक दृष्टीने लेबल वाचणे, स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने सरबताची समजून बाटली उचलणे, हे प्रसंग अशक्य कोटीतील नाहीत. 2013 च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या तेलातील माध्यान्ह भोजनाने 23 मुलांचे प्राण गेले. शेतीचे विष आणि स्वयंपाकघर यांतील अंतर पुसले गेले, की काय घडते याचे याहून दारुण उदाहरण नाही. रिकामी झालेली औषधाची बाटली वा डबाही घरात कदापि वापरू नये.

‘नैसर्गिक’ या शब्दानेही भुलू नये. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन कातडीतून शोषले जाते. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. मिरची-लसणाच्या फवाऱ्याने डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो.

जाळीचे कवच

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पतंगाला पानापर्यंत पोहोचूच न देणे. जुनी, धड मच्छरदाणी यासाठी उत्तम. बांबूच्या कामट्या वा जाड तार कमानीसारखी वाकवून कुंडीत अथवा वाफ्यात रोवावी आणि त्यावर जाळी पसरावी. जाळी पानांना टेकता कामा नये, अन्यथा पतंग बाहेरून अंडी घालतो. कडा मातीत दाबाव्यात किंवा विटांखाली ठेवाव्यात. वर आलेल्या तारेच्या टोकांना जुन्या नळीचे तुकडे बसवावेत, म्हणजे वाकताना डोळ्याला इजा होणार नाही.

जाळी लावणीच्याच दिवशी घालावी. उशीर केल्यास आत राहिलेल्या अळ्यांना आपणच आश्रय दिल्यासारखे होते. कोबी-फ्लॉवरला खाण्याजोगा गड्डा धरण्यासाठी मधमाश्यांची गरज नसते; म्हणून काढणीपर्यंत जाळी राहिली तरी चालते. मावा मात्र मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही शिरतो, त्याकडे लक्ष हवे. मातीतील अळीपासून बचावासाठी कागदी पेल्याचा तळ कापून त्याचे कडे रोपाभोवती बसवावे. त्याचा दोन बोटे भाग मातीत असावा.

रोजची दहा मिनिटे

सकाळी दहा मिनिटे पाने उलटून पाहणे हा दुसरा उपाय. जवळचे पाहण्याचा चष्मा, एक भिंग आणि साबणाच्या पाण्याची वाटी एवढे साहित्य पुरे. अंड्यांचा पुंजका दिसल्यास तेवढे पान खुडावे, अळी दिसल्यास वाटीत टाकावी. मावा असल्यास पाण्याची हलकी धार मारावी आणि मुंग्यांची रांग दिसल्यास ती मोडावी. कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. अळीजवळ तांदळाच्या दाण्याहूनही लहान पांढरे कोष आढळले, तर ते मित्र-माशीचे असतात. ते राहू द्यावेत.

मोहरीचा सापळाही लावता येतो. बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी अशी शिफारस केली, की कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. पहिली कोबीच्या लावणीपूर्वी 15 दिवस पेरावी, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी. पतंग मोहरी पसंत करतो आणि कोबीला उसंत मिळते. घरी एखाददुसऱ्या कुंडीत मोहरी पेरून हे साधते. परंतु मोहरीची पानेही रोज तपासावीत, नाहीतर तीच किडीचे माहेरघर होते.

एवढे करूनही कीड वाढल्यास निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळीच्या गराची 50 ग्रॅम भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून एकूण एक लिटर करावे आणि त्यात चिमूटभर साबणाचा कीस विरघळवावा. कोबीचे पान मेणचट असते. साबणाशिवाय थेंब त्यावर ठरत नाहीत. फवारणी सायंकाळी, पानांच्या खालून करावी. उन्हात त्यातील गुणद्रव्य लवकर नष्ट होते. उरलेला अर्क साठवू नये आणि कडुनिंबाचा आहे म्हणून कोणी पिऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

कुंड्या कमरेइतक्या उंचीच्या चौथऱ्यावर वा मेजावर मांडाव्यात, म्हणजे आजी-आजोबांना खुर्चीत बसून पाने पाहता येतील. जमीन ओली व निसरडी राहू देऊ नये. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी मातीत जाऊ नये. स्मृती क्षीण झालेल्या व्यक्तीला एकच ठरावीक काम द्यावे, उदाहरणार्थ, रोज तीन कुंड्यांची पाने उलटून पाहणे. ठरलेल्या वेळेचे, सवयीचे काम मनाला स्थैर्य देते.

घरात औषध फवारले गेलेच आणि कोणास अतिघाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे किंवा श्वासाचा त्रास जाणवला, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये आणि औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

ताटात येण्यापूर्वी

घरचा गड्डाही पाने सुटी करून मिठाच्या पाण्यात भिजवून, मग वाहत्या पाण्यात धुवावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. त्यांतील ‘क’ नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामावर प्रभाव टाकते. आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी कोबी कच्चा न खाता शिजवून, बेताने खावा.

जानेवारीत गड्डा भरेल तेव्हा एखाद्या पानाला दोन-चार भोके असतीलही. तेवढे पान काढून टाकावे आणि उरलेली भाजी निश्चिंतपणे चिरावी. तिच्यावर काय फवारले होते, असा प्रश्न ताटावर बसलेल्या कोणालाही पडणार नाही.