खव्याचा नमुना कुठे जातो?

दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतात, खवा विकत घेतात आणि दुकानदारासमोरच त्याचे चार भाग करून सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात. चौथा, दुकानदाराने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. अहवाल १४ दिवसांत यायला हवा. पण तोवर ताजी मिठाई विकून, खाऊन संपलेली असते, आणि खरी अडचण तीच आहे.

म्हणून घरची परीक्षा शिकून घ्या. चमचाभर खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग चढला की त्यात पिठूळ पदार्थ आहे. गरम पाण्यात हा रंग दिसत नाही, घाई नको. अर्थात, यातून फक्त स्टार्च कळतो. वनस्पती तुपाची भेसळ ओळखायला प्रयोगशाळाच लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६च्या कलम ४० नुसार शुल्क भरून ग्राहकही नमुना तपासून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते. दोष आढळला तर शुल्क परत मिळते. हा हक्क वापरा, आणि पावती जपून ठेवा.