सशाचे प्रतिपिंड आणि कर्करोगातील कायनेज : पुराव्याचा अर्थ कसा लावावा?

वनौषधींवरील संशोधन-निबंधांत ‘अमुक द्रव्याने कर्करोगातील कायनेज दबले’ असे विधान वारंवार आढळते. पुराव्यादाखल काळ्या पट्ट्यांचे एक चित्र दिलेले असते. पुढे तेच विधान औषधाच्या माहितीपत्रकात उतरते. म्हणून हा पट्टा काय सांगतो व काय सांगत नाही, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायनेज म्हणजे प्रथिनादी रेणूंना फॉस्फेट जोडणारे विकर. पेशीस वाढीचा आदेश पोहोचविण्यात अनेक कायनेजांचा वाटा असतो. त्यांची क्रिया अनिर्बंध झाल्यास अर्बुदाची वाढ होऊ शकते. ‘सार्क’ हे त्यांपैकी एक. कोंबडीतील सार्कोमा विषाणूमुळे होतो, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखविले होते. त्यास कारणीभूत प्रथिन मात्र १९७७ मध्ये जोन ब्रुग व रेमंड एरिक्सन यांनी ओळखले. त्याच विषाणूमुळे अर्बुद झालेल्या सशांचे सीरम त्यांनी वापरले. त्यातील प्रतिपिंडांनी सुमारे ६०,००० डाल्टन भाराचे प्रथिन पकडले; ते कायनेज असल्याचे १९७८ मध्ये दिसून आले.

आज सशाला बहुधा शुद्ध प्रथिन किंवा त्याचा लहान अंश टोचून प्रतिपिंडे मिळवितात. ती अनेक पेशीवंशांतून निर्माण होतात व प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटतात; म्हणून त्यांस ‘पॉलिक्लोनल’ म्हणतात. त्यामुळे अल्प प्रथिनही सापडू शकते; परंतु सारख्या दिसणाऱ्या अन्य प्रथिनास चिकटण्याचा धोकाही असतो. शिवाय ससा बदलला की गुण बदलतो. भूमी व ऋतू यांनुसार वनस्पतीचे गुण बदलतात हे जाणणाऱ्या वैद्यांस प्रत्येक खेप तपासण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

‘वेस्टर्न ब्लॉट’ पद्धतीत पेशींतील प्रथिने भारानुसार वेगळी करून पटलावर घेतात व त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जेथे चिकटते, तेथे पट्टा उमटतो. तो पाहताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, पट्टा योग्य भारावर आहे काय, आणि ते जनुक काढून टाकलेल्या पेशींत तो नाहीसा होतो काय? दुसरा, मोजले ते एकूण प्रथिन की कार्यरत प्रथिन? सार्कच्या ४१६ व्या स्थानावरील टायरोसीनला फॉस्फेट जोडले गेल्यावर ते पूर्ण कार्यक्षम होते. त्यासाठी स्वतंत्र प्रतिपिंड लागते. सर्व नमुन्यांत प्रथिन समप्रमाणात घेतल्याचा पुरावा म्हणून अ‍ॅक्टिनसारख्या प्रथिनाचा पट्टाही हवा. तिसरा, द्रव्याची मात्रा किती होती? हरिद्रेतील कर्क्युमिन काचपात्रातील पेशींवर प्रभावी दिसले, तरी तोंडावाटे घेतल्यावर ते रक्तात फारच अल्प पोहोचते.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, तरी पट्टा फिका होणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. त्यासाठी रुग्णांवरील रीतसर चाचण्याच हव्यात. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्याहून गंभीर बाब ही की, अशा दाव्यावर विसंबून रुग्णाने उपचार लांबविले, तर गेलेला काळ परत आणता येत नाही. प्रयोगशाळेतील आशादायक निष्कर्षाचे स्वागत अवश्य करावे. मात्र रुग्णास सल्ला देताना व औषधाचे वेष्टन छापताना त्याची मर्यादा ओलांडू नये.