बरणीतला कान

गेल्या जुलैत मावशीने कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलं. विचारलं तर म्हणाली, "पावसात खराब होतं गो ते. गणपतीत काढीन." म्हणजे तोवर आम्ही ओरडायचं आणि तिने नुसती मान डोलवायची. सर्व्हिसिंग तरी करून आणू म्हणून मी ते मशीन रत्नागिरीतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांकडे नेलं. मग त्या पावसाळ्यात अधूनमधून तिथे जाऊन बसायचा नादच लागला.

जिन्याखालची खोली. टेबलावर दिवा, भिंग, रबरी फुगा आणि दात घासून झिजलेले दोन ब्रश. दादा सेलचं दार नखाने उघडतात, मशीन नाकाशी नेतात आणि मग भिंगाखाली धरतात. एका गिऱ्हाइकाच्या मशीनचा मीही वास घेऊन पाहिला. ओल्या चपलेच्या पट्ट्याला येतो तसा, वर किंचित आंबट.

"हा पावसाचा नाही," दादा म्हणाले, "घामाचा."

सेल टेकतो त्या पत्र्यावर हिरवट पूड धरली होती. कानामागचं मशीन बसतं केस आणि कातडी यांच्या खाचेत, आणि माईकची भोकं नेमकी वर. छत्री मोडली तर पाऊस लागणार, पण घाम रोजचाच, तोही खारट. त्यात जुलैतली आपली हवा, 80 टक्क्यांच्या वर ओलावा असलेली. उशाशी ठेवलेलं मशीनही रात्रभर ओल पीत राहतं.

तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी आले. मशीन नवं, तरी मुकं. "खोक्यावर आयपी 68 लिहिलंय. विकताना सांगितलं, पाण्याची चिंता नको."

दादांनी भिंग खाली ठेवलं. "गुरुजी, 68 म्हणजे अडुसष्ट नाही. सहा वेगळा, आठ वेगळा. सहा धुळीचा, आठ पाण्यात बुडवण्याचा. परीक्षा साध्या पाण्यात, नव्या मशीनची. तुमच्या घामाची, साबणाची परीक्षा कोणी घेतलेली नाही."

"पण 68 आहे ना?"

"आहे. पण सेलला हवा लागते."

इथे मला पहिल्यांदा उमगलं. या सेलमध्ये जस्त असतं आणि ते हवेतल्या प्राणवायूवर चालतं. म्हणून सेलवर रंगीत चिकटपट्टी असते, 13 नंबरला नारिंगी, 675 ला निळी. ती काढली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. अशा मशीनला हवेची वाट ठेवावीच लागते. तिच्यावर पाण्याचा थेंब बसला की मशीन गुदमरतं. गुरुजींच्या मशीनचं तेच झालं होतं. दादांनी सेल काढला, टिपकागदाने दार पुसलं, नवा सेल पट्टी काढून मिनिटभर उघडा ठेवला आणि मग बसवला. गुरुजी ऐकू लागले, तरी जाताना पुन्हा म्हणालेच, "पण 68..."

बाकीचं काम रटाळ. कानात बसणारा साचा नळीसकट सोडवायचा, कोमट साबणपाण्यात धुवायचा, फुग्याने हवा मारून नळीतला थेंब घालवायचा, सुकवायचा. मशीनला पाणी लावायचं नाही. शेवटी दादा स्टेथोस्कोपसारखी नळी मशीनला जोडून कानात घालतात आणि स्वतःच बोलतात: आ, ई, ऊ, म, स, श. "ओल धरली की स आणि श आधी दबतात," ते म्हणाले. 'साखर' मागितली की मशीन लावूनही माणूस 'काय?' का विचारतो, ते तेव्हा कळलं.

लोक काय काय करून येतात! कोणी तांदळाच्या डब्यात पुरलेलं असतं, माईकमध्ये पीठ. कोणी केस वाळवायच्या यंत्राने भाजलेलं असतं. दादा कोणाला रागावत नाहीत. एकच गोष्ट त्यांना सहन होत नाही: चार महिने डब्यात ठेवलेलं, कुठेही न बिघडलेलं मशीन. मावशीचं पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे आणलंत कशाला? याला काही झालेलं नाही. न ऐकण्याची सवय त्यांना झालीय." मला ते लागलं. मशीन जपण्याचं कौतुक आम्हीच तर केलं होतं.

त्यांनी घट्ट झाकणाची एक छोटी बरणी दिली. तळाशी सिलिका जेलचे नारिंगी दाणे, वर जाळी. दाणे हिरवे झाले की मंद आचेवर परतायचे, पुन्हा नारिंगी होतात. पोरांच्या हाती द्यायचे नाहीत. सेल मात्र बाहेर काढून ठेवायचा, कोरड्या बरणीत तो सुकतो. बाहेर पडताना डोक्यावरून पदर, वर छत्री. भिजलंच तर सेल काढून पुसायचं. एवढंच.

पैसे देऊन मी निघाले, तर दादांनी बरणी परत मागितली. मार्करने झाकणावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि फुंकर मारून वाळवले: 'फक्त रात्री'.

मावशीने चष्मा लावून ते वाचलं. मग बरणी बाजूला ठेवली आणि मशीन माझ्या हातातून घेतलं.