घर हीही शाळाच. पण शाळेच्या बदल्यात नव्हे

अलीकडे शहरांतल्या काही सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या घरांत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याची चाल रुजू लागली आहे. मुले कागद-कापडाच्या वस्तू करतात, स्वयंपाकाला हात लावतात, परसात वाफे करतात आणि पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात. अमेरिकेत तर १९९३ पर्यंत सर्व राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर झाले होते. पुण्या-मुंबईतही अशी कुटुंबे आहेत. आता सोलापुरातले आपले काही तरुण, नोकरदार धम्मबांधवही विचारू लागले आहेत की, आपणही असे का करू नये?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे दुखणे आहे. इंग्रजी शाळेची फी झेपत नाही, वर शिकवणीचा खर्च वेगळा. वर्गात आडनाव विचारून मुलाला जोखले जाते, शिष्यवृत्तीचा कागद आणला की टोमणा ऐकावा लागतो. मूल घरी येऊन गप्प बसते. अशा वेळी आईबापांना वाटते, नको ती शाळा! त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु निर्णय घेण्यापूर्वी आपला इतिहास एकदा आठवून पाहावा, असे आम्हांस वाटते.

घरचे शिक्षण आपल्याला नवे नाही. जोतीरावांनी सावित्रीमाईंना घरीच अक्षरे शिकविली. पण ती अक्षरे घरात कोंडून राहिली नाहीत. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि घरात शिकलेली माउली त्या शाळेत शिक्षिका म्हणून उभी राहिली. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. तरीही रामजीबाबांनी मुलाला शाळेतून काढले नाही. पुढे परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार होता. तेव्हा मुलाला लवकर झोपवून हा बाप रात्री दोनपर्यंत जागत असे आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवा होत असे. त्या घराने शाळेला आधार दिला, म्हणून १९०७ साली मॅट्रिकचे यश मिळाले.

आपल्या सोलापूरचाही यात वाटा आहे. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ साली सभेचे विद्यार्थी वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. खेड्यांतून आलेल्या मुलांना हायस्कुलात टिकता यावे, हा त्यामागचा हेतू होता. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले. म्हणजे वसतिगृह हे मुलांचे दुसरे घर झाले, पण त्या घरातून सकाळी पाय शाळेकडेच वळत होते. या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. आपल्या समाजात घरच्या शिक्षणाने मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेले, दारापासून मागे आणले नाही.

दुसरा मुद्दा हस्तकौशल्याचा. 'मुलांना हाताचे काम शिकवा' हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण आपण ते जरा सावधपणे ऐकले पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने एक योजना आणली होती. अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ मुलाने बापाचा धंदा शिकायचा! पेरियारांनी आणि त्यांच्या अनुयायांनी तिच्याविरुद्ध रान उठविले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. बापाचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे लोकांनी बरोबर ओळखले होते. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुलांना सूट मिळाली. धोक्याची कामे वगळली असली, तरी घराच्या चार भिंतींआड कोण पाहणार? आपल्या शहरात घराघरांत विड्या वळल्या जातात. आईच्या सुपाजवळ बसलेली मुलगी शिकते आहे की राबते आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायचा आहे.

कोरोनाच्या काळाने तर हा धडा फार महाग शिकविला. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि सगळीच मुले घरी बसली. ज्या घरात मोबाईल एक आणि मुले तीन, तिथे शिक्षण थांबले. काही मुलगे कामाला लागले ते लागलेच, काही मुलींची लग्ने उरकली गेली.

मग हाताचे काम वाईट का? मुळीच नाही! जन्माने लादलेले काम आणि आवडीने शिकलेले कौशल्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले माणसाला बांधते, दुसरे त्याची बुद्धी फुलविते. म्हणून शाळा सोडू नका, पण रविवारचा अर्धा दिवस आणि रोजचा एक तास घराची शाळा जरूर भरवा. त्याला पैसा लागत नाही.

गोधडीचेच पाहा. आजीची जुनी लुगडी फाडून सहा इंचांचे चौकोन कापा. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडीला किती तुकडे लागतील? बारा गुणिले आठ, म्हणजे शहाण्णव. शिलाईत दुमडणारे कापड वेगळे धरायचे, हेही मूल आपोआप शिकते. धावदोरा घालताना सरळ रेष म्हणजे काय ते बोटांना कळते.

कडक भाकरी आठवडाभर का टिकते? पाणी निघून गेल्यावर बुरशी धरत नाही म्हणून. हा विज्ञानाचा धडा तव्यावरच देता येतो. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटताना चटणीला तेल का सुटते, हे मुलाला विचारू द्या. मात्र एक अट आहे. भाकरी मुलानेही थापायची आणि हिशोब मुलीनेही मांडायचा. स्वयंपाक फक्त मुलीच्याच वाट्याला आला, तर ते शिक्षण नव्हे, जुनीच गुलामगिरी होय. शिवाय आपल्या आज्या काय रांधत होत्या आणि तेच का रांधावे लागत होते, हेही मुलांना सांगा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात तो ठेवा जपला आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घराबाहेरही खूप आहे. सरळ उभ्या बाटलीला पट्टी चिकटवून पाऊस मोजा. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, हे मुलांनी स्वतः लिहिलेल्या वहीत दिसू द्या. त्याच सुमारास दारापुढच्या हातभर जागेत मालदांडी ज्वारी टोचा, थंडीत हुरडा होईपर्यंत तिची उंची नोंदवा. सुट्टीत नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर न्या. २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका मुलांनी सुवाच्य हाताने लिहून भिंतीवर लावावी. संविधानाची मूळ प्रतही प्रेमबिहारी रायजादा यांनी हातानेच लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजविली, हेही त्यांना सांगा.

आणि शाळेत अपमान होत असेल तर? मूल घरी ठेवू नका, आईबापांनी शाळेत जा, एकट्याने नव्हे, चौघांना घेऊन जा आणि लेखी तक्रार द्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेण्याचीही त्यात तरतूद आहे. मोठ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. पण ही सुटलेली गाडी पकडण्याची सोय आहे, मुद्दाम गाडी सोडण्याची नव्हे.

बंधू-भगिनींनो, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे दार उघडेच होते, त्यांनी ते खुशाल ओलांडून बाहेर यावे. आपल्या पूर्वजांनी ते दार उघडण्यासाठी आयुष्ये वेचली. आपण घरात दिवा लावू या आणि त्याच्या उजेडात मुलांचे दप्तर भरून देऊ या. जयभीम!