आवाज न करणारा जनरेटर: घेण्यापूर्वी काय पाहावे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मुरूड भागातील कितीतरी गावांना अनेक दिवस अंधारात काढावे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईसारख्या महानगराची वीजही काही तास गेली होती. अशा प्रसंगानंतर घरात एखादा छोटा, उचलून नेता येईल असा जनरेटर असावा, असे अनेकांना वाटू लागते. दुकानात गेले की एकाच शक्तीचे दोन जनरेटर समोर दिसतात. एक कानठळ्या बसवणारा आणि स्वस्त, दुसरा नुसता गुणगुणणारा, पण बराच महाग. हा फरक कशामुळे पडतो? आणि ‘आवाज कमी’ याचा नेमका अर्थ काय? शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्राच्या आधारे आपण या प्रश्नांची उत्तरे शोधू या.

आवाज येतो कोठून?

जनरेटरमध्ये पेट्रोलचे इंजिन चुंबक फिरवते आणि त्याभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. आपल्या घरातील प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने, इतकी असते. चुंबकाला दोनच ध्रुव असतील तर एका फेऱ्यात एक आवर्तन पूर्ण होते. म्हणून सेकंदाला ५०, म्हणजेच मिनिटाला ३००० फेरे व्हायलाच हवेत. साध्या जनरेटरची खरी अडचण येथेच आहे. घरात एकच दिवा लागलेला असो की सगळी उपकरणे चालू असोत, इंजिनाला ३००० फेरे सोडता येत नाहीत. फेरे कमी झाले तर वारंवारताच बिघडेल. त्यामुळे काम थोडे असले तरी इंजिनाचा ओरडा फारसा कमी होत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला २५ स्फोट. धुराड्यातून बाहेर पडणारा हाच तो ‘धडधड’ आवाज. त्यात हवा आत ओढण्याचा, पंख्याचा आणि सांगाडा थरथरण्याचा आवाज मिसळतो. २५ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतेरा मीटर असते. एवढ्या लांब लहरी भिंतींना फारशा जुमानत नाहीत, म्हणूनच शेजारच्या घरात दारे-खिडक्या लावूनही ती घरघर ऐकू येते.

इन्व्हर्टर जनरेटर काय वेगळे करतो?

येथे ‘इन्व्हर्टर’ म्हणजे बॅटरीला जोडलेली घरातील पेटी नव्हे. या जनरेटरमध्ये अनेक ध्रुवांचे चुंबक असते. त्यातून निघालेली, कोणत्याही वारंवारतेची वीज आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल तिच्यापासून नेमकी ५० हर्ट्झची वीज पुन्हा तयार करते. इंजिनाचा वेग आणि विजेची वारंवारता यांची गाठच सुटते. भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरते, पेट्रोल वाचते आणि आवाज घटतो. शिवाय इंजिनाभोवती ध्वनी शोषणारे आवरण आणि मोठा सायलेन्सर असतो. वीजही अधिक नितळ असल्यामुळे संगणकासारख्या नाजूक उपकरणांना ती चांगली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हा शांतपणा भार कमी असेपर्यंतच टिकतो. पूर्ण भार टाकला की हे इंजिनही वेगाने धावू लागते. माहितीपत्रकात मात्र बहुधा पाव भारावरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. म्हणून पूर्ण भारावर किती, हे विचारावे.

डेसिबलचे आकडे कसे वाचावेत?

डेसिबलची मोजपट्टी आपल्या नेहमीच्या पट्टीसारखी नाही. ध्वनीची तीव्रता दुप्पट झाली तर आकडा केवळ ३ ने वाढतो, दहापट झाली तर १० ने. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनी चौपट क्षेत्रफळावर पसरतो आणि आकडा ६ ने उतरतो.

म्हणून अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नाही. पुष्कळ कंपन्या ७ मीटरवरचा आकडा देतात. सरकारी नियमांत मात्र दुसरीच राशी आढळते. पेट्रोल जनरेटरसाठी २००३ मध्ये लागू झालेली ८६ डेसिबलची मर्यादा ही ‘ध्वनिशक्ती पातळी’ची आहे, म्हणजे यंत्र एकूण किती ध्वनी बाहेर टाकते त्याची. मोकळ्या अंगणात असे यंत्र जमिनीवर ठेवले तर १ मीटरवर सुमारे ७८, २ मीटरवर ७२, ४ मीटरवर ६६ आणि ७ मीटरवर ६१ डेसिबल आवाज मिळेल. म्हणजे ‘८६’ आणि ‘६१’ हे दोन आकडे एकाच यंत्राचे असू शकतात! दोन जनरेटरची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच राशीचे, एकाच अंतरावरचे आणि एकाच भारावरचे आहेत ना, हे पाहावे.

आता हा आवाज शेजाऱ्यांसाठी किती? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ७ मीटरवर ६० डेसिबल देणाऱ्या जनरेटरचा आवाज ४५ पर्यंत उतरायला मोकळ्या मैदानात जवळजवळ ४० मीटर अंतर लागेल. ७ मीटरवर ५३ डेसिबल देणाऱ्याला साधारण १८ मीटर पुरतील. वाड्यांच्या आणि चाळींच्या गल्लीत एवढे अंतर मिळत नाही, उलट समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज परतून येतो.

किती शक्तीचा घ्यावा?

आधी घरातील गरजेची यादी करावी. उदाहरणार्थ, १० वॅटचे चार एलईडी दिवे ४० वॅट, तीन पंखे २२५ वॅट, दूरदर्शन संच १०० वॅट, मोबाइल वगैरे २५ वॅट आणि फ्रीज १५० वॅट. बेरीज झाली ५४० वॅट. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो. तो झटका ९०० वॅटचा धरला तर क्षणिक गरज सुमारे १३०० वॅट होते. दोन केव्हीएचा जनरेटर ०.८ शक्तिगुणकाला १६०० वॅट देतो, तेव्हा तो पुरेल.

पाण्याचा पंप जोडायचा म्हटले की सगळे गणित बदलते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या काही पट. केवळ त्यासाठी तिप्पट मोठे, जड आणि गोंगाट करणारे यंत्र घ्यावे लागते. त्यापेक्षा वीज असताना टाकी भरून ठेवणे शहाणपणाचे.

खर्चाचाही विचार हवा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोटा जनरेटर त्यातील दीड-दोन युनिटच विजेच्या रूपात देतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी एक युनिट ५० ते ६५ रुपयांना पडते. म्हणून दोन-चार तासांच्या खंडासाठी बॅटरीचा इन्व्हर्टरच बरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट साठा असतो आणि त्यावर दिवे-पंखे चार तास सहज चालतात. दिवसेंदिवस वीज येणार नसेल तेव्हा जनरेटर खरा उपयोगी. तेव्हाही आम्ही असे सुचवू की तो दिवसा काही तास चालवावा, त्यावर फ्रीज थंड करून घ्यावा आणि बॅटरी भरावी, आणि रात्री बॅटरीवर भागवावे. रात्री सगळी गल्ली शांत झोपेल.

शांत यंत्राचा धोका

गोंगाट करणारा जनरेटर कोणी घरात ठेवत नाही. शांत आणि छोटा जनरेटर मात्र पावसापासून वाचवण्यासाठी, चोरीच्या भीतीने बाल्कनीत, जिन्याखाली किंवा पडवीत आणून ठेवण्याचा मोह होतो. आवाज कमी झाला तरी धूर तोच असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे. झोपलेल्या माणसाला तर तीही कळत नाहीत आणि तो झोपेतच दगावतो. खिडकी उघडी ठेवणे किंवा पंखा लावणे हा यावर उपाय नाही. जनरेटर नेहमी उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धुराड्याचे तोंड घराच्या उलट दिशेला करून ठेवावा. पावसासाठी वर छप्पर असावे, बाजू मोकळ्या असाव्यात. इंजिन बंद करून निवू दिल्याशिवाय पेट्रोल भरू नये.

दुसरा धोका आपल्याला दिसतही नाही. काही जण जनरेटरची वायर सरळ भिंतीतील सॉकेटला जोडतात. मुख्य स्विच चालू राहिला तर ही वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते. गावातील रोहित्र ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला २३० व्होल्ट देते, ते उलट्या दिशेनेही तितकेच चांगले काम करते. वादळानंतर तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला ती तार निर्जीव वाटत असते, आणि तिच्यात हजारो व्होल्ट असू शकतात. म्हणून जाणकार विजतंत्र्याकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावाच. त्यामुळे घर एका वेळी एकाच बाजूला जोडलेले राहते.

वर्गात करून पाहा

मोकळ्या मैदानात एकसारखा आवाज करणारे एखादे उपकरण ठेवा आणि मोबाइलमधील ध्वनिमापक ॲपने १, २, ४ आणि ८ मीटरवर नोंदी घ्या. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण दोन नोंदींतील फरक बराच विश्वासार्ह असतो. दर दुप्पट अंतराला तो ६ च्या जवळ येतो का? हाच प्रयोग दोन भिंतींमधील बोळात केल्यास फरक का कमी पडतो, याची चर्चा विद्यार्थ्यांशी करावी. शेवटी प्रत्येकाने आपल्या घराच्या वॅटची यादी करून आणावी. जनरेटर घ्यायचा की बॅटरीवर भागेल, हे त्या यादीवरून घरच्यांना ठरवता येईल.