‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’

पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने परवा मला भर वर्गात चांगलेच पेचात धरले. बी. ए.च्या वर्गावर आगरकर शिकवीत होतो. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधाचा विषय निघाला, आणि देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या, हे आगरकरांचे विवेचन मी मोठ्या तन्मयतेने सांगत होतो. तेवढ्यात ती उठून म्हणाली, “सर, म्हणजे आगरकर नास्तिकच होते ना?”

“नास्तिक नव्हे. त्यांना अज्ञेयवादी म्हणतात.”

“म्हणजे घाबरट नास्तिक का, सर?”

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली आणि माझी सुटका झाली. वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला घंटेचा केवढा आधार असतो, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना सांगायला नको!

पण खरी सुटका झालीच नव्हती. कारण पुढच्याच आठवड्यात घरी दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वर्षश्राद्ध होते. त्या दिवशी सकाळीच आईने विचारले होते, “तू थोरला. श्राद्धाला तूच बसशील ना?” आणि मी “बघू” म्हणून पायांत चपला अडकवून कॉलेजला निघून आलो होतो. त्या मुलीचा ‘घाबरट’ हा शब्द आगरकरांना लागण्याचे कारण नव्हते. तो लागला मला.

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यात घोळत आहेत. ‘नास्तिक’ आणि ‘अज्ञेयवादी’. हे दोन वेगळे माणूस, की एकाच माणसाचे दोन अंगरखे?

‘नास्तिक’ हा आपल्याकडचा जुना शब्द. पण त्याचा जुना अर्थ आजच्याहून निराळा आहे. मनुस्मृतीच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावणारे म्हणतात, परलोक नाही असे ज्याचे मत तो नास्तिक. ईश्वराचा यात कुठे संबंधच नाही! त्यामुळे मोठी गंमत झाली आहे. सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष यांच्यावर जगाची सारी उभारणी केली. त्यांच्या कारिकांत जगाच्या कर्त्या ईश्वराला जागा ठेवलेली नाही. पूर्वमीमांसकांनी यज्ञाचा एवढा पसारा मांडला, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनीही मानला नाही. तरी वेद प्रमाण मानतात म्हणून दोघेही ‘आस्तिक’ दर्शनांच्या पंगतीत मानाने बसले. आणि जैन व बौद्ध वेद मानीत नाहीत म्हणून ते चार्वाकाच्या शेजारी, नास्तिकांच्या पंगतीत. तेव्हा देव नाही असे म्हणणाऱ्याला नेमका शब्द ‘निरीश्वरवादी’ हा. आज बोलण्यात आपण त्यालाच नास्तिक म्हणतो. मीही इथे तसेच म्हणणार आहे.

‘अज्ञेयवाद’ हा शब्द मात्र नवा. वृत्ती जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली असे विचारते आणि उत्तर न देताच थांबते. वर बसून हे सारे पाहणाऱ्याला तरी ते ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊन थांबते. बुद्धालाही मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने असेच प्रश्न विचारले होते. त्यावर बुद्धाने बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला, त्याचे गोत्र काय, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. पण ही वृत्ती वेगळी. ‘कळत नाही’ असे हे म्हणणे नव्हे, ‘कळून उपयोग नाही’ असे आहे.

शब्द घडवला तो टॉमस हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८६९ साली. लंडनच्या मेटॅफिजिकल सोसायटीत नाना मतांची मंडळी जमत. प्रत्येकाच्या मताला काही ना काही नाव होते. याच्याकडेच नाव नव्हते. शेपूट तुटलेल्या कोल्ह्यासारखी आपली अवस्था झाली होती, असे त्याने पुढे लिहिले. प्राचीन ख्रिस्ती धर्मात गूढ ज्ञान मिळाल्याचा दावा करणारा ‘नॉस्टिक’ नावाचा एक पंथ होता. त्याच्या उलट आपण, म्हणून ‘अ‍ॅग्नॉस्टिक’. झाले, कोल्ह्याला शेपूट मिळाले.

ही कथा विनोदाची वाटते. पण त्या शब्दामागे एक लहानशी शवपेटी आहे. १८६० च्या सप्टेंबरात हक्सलेचा थोरला मुलगा नोएल लाल तापाने गेला. चार वर्षांचाही झाला नव्हता. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक लेखकाने सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यात परलोकीच्या जीवनाचा दिलासा होता. हक्सलेने उलट लांबलचक पत्र लिहिले. आत्मा अमर आहे असे तो म्हणेना, नाही असेही म्हणेना. पण आपले मन त्यासाठी तळमळते आहे एवढ्यावरून ते खरे मानायला तो तयार झाला नाही. ज्या बापाला ‘आहे’ म्हणण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्या बापाने ‘ठाऊक नाही’ एवढेच म्हटले. याला घाबरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अर्थात म्हणणाऱ्यांनी म्हटलेच. १८८८ साली मँचेस्टरच्या धर्मपरिषदेत हेन्री वेस या धर्मपंडिताने सांगितले, की हे नवे नाव कशाला, हे तर जुने अश्रद्धच. उलट बाजूने १८९२ साली एंगेल्सने लिहिले, की अज्ञेयवाद म्हणजे लाजरा जडवाद. एकाने सांगितले, तू चोर आहेस; दुसऱ्याने सांगितले, मग तसे उघड म्हण की!

उघड म्हणणारेही होते. चार्ल्स ब्रॅडलॉ हा नॉर्दम्प्टनचा लोकनियुक्त सभासद. १८८० साली निवडून आला, पण नास्तिक म्हणून त्याला पार्लमेंटात बसू देईनात. पुन्हा पुन्हा निवडून आला आणि १८८६ साली एकदाचा बसला. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या काँग्रेसला मुंबईत आला होता. १८९१ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला लंडनमधला एक हिंदी विद्यार्थी हजर होता; त्याचे नाव मोहनदास गांधी.

मग फरक तो कोणता? मला तो असा दिसतो. प्रश्न एक नाही, दोन आहेत. ‘देव आहे की नाही हे माणसाला कळू शकते का?’ हा एक. ‘तू देव मानतोस का?’ हा दुसरा. पहिला ज्ञानाचा, दुसरा विश्वासाचा. अज्ञेयवाद हे पहिल्याचे उत्तर आहे, नास्तिकता हे दुसऱ्याचे. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या आड येत नाहीत. एकाच माणसाच्या खिशात ती सुखाने राहू शकतात.

माझी आजी रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणे. पण देव कसा असतो गं, असे विचारले की म्हणे, “ते का आपल्याला कळतंय? त्याचं त्याला ठाऊक.” आजी श्रद्धाळू होती, आणि तिच्या परीने अज्ञेयवादीही होती! याच्या नेमके उलट टोक आमच्या वाड्यात होते. मागच्या पिंपळावर मुंजा आहे, असे सगळे सांगत. मुंजा नाही हे मी आजही सिद्ध करू शकणार नाही. तरी रात्री त्या पिंपळाखालून मी खुशाल शीळ घालीत जाईन. मुंजाच्या बाबतीत ज्ञानाच्या कसोटीवर मी अज्ञेयवादी, आणि व्यवहारात पक्का नास्तिक. बर्ट्रांड रसेलने ग्रीकांच्या देवांविषयी असाच विचार मांडला होता. तत्त्वज्ञांपुढे तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणवी आणि सामान्य माणसांपुढे नास्तिक. आणि दोन्ही खरेच होते.

सगळेच अज्ञेयवादी या सामाईक अंगणात यायला राजी नसतात, हेही सांगितले पाहिजे. स्कॉटलंडच्या न्यायालयांत शतकानुशतके ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांच्याबरोबर ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकाल होता. काहींना मनाचे न्यायालयही असेच चालवायचे असते. ना मानले, ना नाकारले. आणि काही नास्तिक दुसऱ्या टोकाला जाऊन ‘देव नाही हे मला पक्के कळले आहे’ असे म्हणतात; त्यांचे अज्ञेयवाद्यांशी जमत नाही. पण मधल्या अंगणात गर्दी मोठी आहे.

हे सारे मनाशी जुळवून मी घरी गेलो आणि धीर करून आईला म्हणालो, “आई, पिंड दिल्याने दादांपर्यंत काही पोचतं, असं मला वाटत नाही.”

आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “पोचत नाही, हे तुला नक्की ठाऊक आहे का?”

“नाही.”

“मग बस की. बिघडलं काय?”

मी निरुत्तर झालो. एवढी प्रमाणे गोळा केली, आणि आईने ती एका वाक्यात तांदळातल्या खड्यासारखी बाजूला काढली. पण माझी अकरावीतली मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, “आज्जी, नक्की ठाऊक नाही म्हणून करायचं, तर मग त्या पिंपळावरच्या मुंजालाही नैवेद्य ठेवायला हवा. बाबांना तेही नक्की ठाऊक नाही.”

आई काही बोलली नाही. पण मला माझे उत्तर सापडले. ‘ठाऊक नाही’ या वाक्यावर मी आजवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा उभा होतो. कळत नाही, हे खरे; पण मी मानीत नाही, हेही तितकेच खरे. पहिले सांगून दुसरे लपवायचे, एवढाच काय तो घाबरटपणा. तो अज्ञेयवादाचा नव्हे, माझा.

आगरकरांनी तो केला नाही. स्पेन्सर आणि मिल वाचलेला हा माणूस अज्ञेयवादी की निरीश्वरवादी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण ते जे मानीत नव्हते ते मानल्याचे सोंग त्यांनी आणले नाही. लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी आणले नाही. १८९५ च्या जून महिन्यात एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा स्वतःच्या अंत्यसंस्काराच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवलेले होते. मरणानंतर काय, हे त्यांना ठाऊक नसेल. मरणानंतर यशोदाबाईंना काय सोसावे लागेल, हे ठाऊक होते.

मी आईला सांगितले, “मी बसणार नाही. मनात नसलेले संकल्प मी दादांच्या नावाने सोडणार नाही. धाकट्याची श्रद्धा आहे, त्याला बसू दे. बाकी तू सांगशील ते सगळं करीन.” आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस कसे गेले, ते सांगत नाही.

श्राद्धाच्या दिवशी मी दर्भापासून केळीच्या पानांपर्यंत सारे आणून दिले. भाऊ सोवळे नेसून बसला. मी बाहेर, दादांच्या आरामखुर्चीशेजारी उभा राहिलो. ब्राह्मण उठल्यावर घरच्यांची पाने मांडली गेली. आई वाढायला आली आणि माझ्यापाशी थांबली.

“वडे तरी खाशील ना? की त्यावरही तुझा विश्वास नाही?”

“खाईन की.”

तिने दोन वाढले. मग जरा थांबून तिसरा वाढला. “त्यांना तिसरा लागायचा,” ती म्हणाली.

तो वडा कुणाला पोचला, हे मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि पुस्तक उघडण्याआधी पहिल्या बाकाकडे वळून म्हणालो, “परवा तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. आज घंटा व्हायला अजून पन्नास मिनिटं आहेत.”