नाव फिल्मच्या आत कोरताना

अकोल्याच्या तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत लॅमिनेशनचं मशीन क्वचितच थंड सापडतं. पाउच उघडायचं, आधारचा कागद मधोमध ठेवायचा, बंद कड पुढे करून रोलरमध्ये सरकवायचा. पाउचमधला चिकट थर उष्णतेने वितळतो आणि कागदाला धरून बसतो. "भाऊ, जाडवालं टाका, पावसाया निंगला पाहिजे," असं एक शेतकरी सांगत होते. त्यांच्या जुन्या कार्डाची कड सुटली होती, घाम आत शिरला होता आणि जन्मसालातला शेवटचा आकडा ओळखू येत नव्हता. कड नखाने उचलता आली की फोटो बदलणाऱ्यालाही तीच वाट सापडते.

अमरावतीत एका ओळखीच्यांचा नवा वाहन परवाना भिंगाखाली धरला. २०२३ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने परवान्यासाठी लेझरने कोरलेलं पॉलिकार्बोनेट कार्ड आणलं. या कार्डाची कड मी बराच वेळ न्याहाळली, पण थर दिसले नाहीत. थर आहेत मात्र. मध्ये पांढऱ्या फिल्म, त्यांवर छपाई, वर लेझरला प्रतिसाद देणारी पारदर्शक फिल्म, आणि सगळ्यात वर साधी पारदर्शक फिल्म. एकेक केसासारखी बारीक. सगळी चळत दाबयंत्रात दीडशे अंशांच्या पुढे तापवतात आणि दाब न सोडता थंड करतात. गोंद कुठेच नसतो. फिल्म एकमेकींत मुरतात आणि पाऊण मिलिमीटरचा एकच अखंड तुकडा उरतो. तो सोलायला गेलं तर तुटेल, उकलणार नाही.

माणसाचं नाव येतं ते सगळ्यात शेवटी. लेझरचा किरण वरचा पारदर्शक थर तसाच पार करतो आणि आतल्या थरातलं प्लास्टिक ठिपक्याठिपक्याने काळं करतो. भिंगाखाली चेहरा म्हणजे लहानमोठ्या गर्दीतले करडे-काळे ठिपके. वर शाई नाहीच, मग खरवडणार काय? किरणाची ताकद वाढवली की अक्षर पृष्ठभागावर किंचित उठतं. काउंटरवरच्या माणसाला ते अंगठ्याने तपासता येतं. यंत्राविना होणारी ही तपासणी मला फार मोलाची वाटते.

वऱ्हाडात उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी वर. साधं पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडतं, पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास.

आधारचं पीव्हीसी कार्ड २०२० पासून मागवता येतं. सुरुवातीला ५० रुपयांत मिळे. त्यावरचा क्यूआर कोड डिजिटल सहीचा आहे, त्यात फेरफार केला तर स्कॅनमध्ये उघड होतो. पण स्कॅनर नसेल तिथे शेवटी डोळाच कार्ड तपासतो. परवाना पाकिटात सुखाने राहतो. आधार मात्र रेशन, बँक, पीककर्ज, दवाखाना असं फिरतं, आणि कापूस वेचणाऱ्या बाईकडे ते कमरेच्या पिशवीत घामाजवळ असतं. जे कार्ड सर्वांत जास्त हाताळलं जातं, त्यालाच सर्वांत कच्चा पदार्थ मिळाला आहे. पॉलिकार्बोनेट महाग पडतं, त्याला मोठी दाबयंत्रं आणि लेझर लागतात, हे खरं. तरी राज्यभरच्या वाहनचालकांसाठी ते जमवलं गेलं. उन्हात राबणाऱ्यांच्या आधारसाठीही ते जमवायला हवं, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच व्हायला हवी.